काठावरचे आकडे

पंचेचाळिशीच्या एका पुरुषाचे रिपोर्ट समोर आहेत असे समजू. उपाशीपोटी साखर १०८. ट्रायग्लिसराइड १८२. एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ३६. रक्तदाब १३४/८६. पोटाचा घेर मोजला असता तर ९४ सेंटिमीटर भरला असता, पण तो बहुधा कुणी मोजलेलाच नसतो. यातला एकही आकडा घाबरवणारा नाही. साखरेबद्दल त्याला सांगितले जाते, ‘बॉर्डरवर आहे, गोड जरा कमी करा.’ बीपीबद्दल, ‘थोडेसे आहे, मीठ सांभाळा, महिन्याने बघू.’ चरबीच्या तक्त्यात ठळक छापलेले दोन आकडे पाहून तेलकट बंद करण्याचा सल्ला मिळतो. डायबेटिस नाही एवढे ऐकून माणूस सुटल्यासारखा घरी जातो आणि फाइल कपाटात जाते. हे पुस्तक याच माणसाविषयी आहे. त्याला सांगितलेली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर बरोबर आहे. सगळ्या मिळून मात्र त्याची दिशाभूल करतात. कारण या पाच वेगवेगळ्या तक्रारी नाहीत. एकाच बिघाडाचे हे पाच ठिकाणी उमटलेले परिणाम आहेत, आणि त्या बिघाडाची वाट हृदयाच्या धमन्यांकडे जाते. आकडे काठावर दिसत असले तरी माणूस काठ ओलांडून बराच आत गेलेला असतो. या प्रस्तावनेत मला एवढेच मांडायचे आहे, पण ते पुराव्यानिशी आणि त्यावरच्या आक्षेपांना उत्तर देत मांडायचे आहे.

या बिघाडाला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पोट सुटलेल्या माणसाला मधुमेह आणि हृदयविकार अधिक होतो, मांड्या-नितंबांवर चरबी असलेल्याला तितका नाही, हे फ्रान्समधील डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवले होते. पण या सगळ्याला एका सूत्रात ओवले ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेराल्ड रीव्हन यांनी. १९८८ च्या बँटिंग व्याख्यानात त्यांनी मांडले की वाढती साखर, वाढता रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले एचडीएल ही मंडळी एकाच माणसात वारंवार एकत्र सापडतात आणि त्यांच्या मुळाशी इन्शुलिनला शरीराने दाद न देणे हे आहे. त्यांनी त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. पुढे वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या व्याख्या केल्या, त्यांत वाद झाले, आणि २००९ मध्ये प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्थांनी एक समान व्याख्या मान्य केली. पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी असल्या की पुरे : पोटाचा घेर आपल्याकडील पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० पेक्षा कमी, रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५ पासून पुढे, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. गोळ्या घेऊन आकडा आटोक्यात असेल तरी तो धरायचा. वरच्या उदाहरणातल्या माणसात पाचही आहेत, आणि त्याला मात्र आपल्याला काहीही झालेले नाही असे वाटते आहे.

हे पाच जण एकत्र का येतात ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही पटणार नाही, म्हणून इथे थोडे थांबू. कातडीखाली साठणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. ती जागा कमी पडली किंवा मुळातच कमी असली की जादा चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागते. तिथली चरबी सतत विरघळून स्निग्धाम्ले रक्तात सोडते, आणि आतड्यांकडचे रक्त थेट यकृतात जात असल्याने तो भार यकृतावर पडतो. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होते. रात्रभर उपाशी असतानाही साखर बनवत राहते. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून ती साखर दाबून ठेवते, कित्येकदा दहा-दहा वर्षे. या काळात साखरेचा रिपोर्ट जवळपास नॉर्मल असतो. पण तेच यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात ओतत असते, त्यांच्या देवाणघेवाणीत एचडीएल घटते आणि एलडीएलचे कण लहान, दाट आणि संख्येने अधिक होतात. म्हणूनच अशा माणसाचे एलडीएल मिलिग्रॅममध्ये साधारण दिसते आणि कणांच्या संख्येत मात्र धोकादायक असते. जास्तीचे इन्शुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते, रक्तदाब चढतो. पोटातली चरबी दाह पेटता ठेवणारी द्रव्ये सोडते, आणि रक्तातली गुठळी विरघळवण्याची शरीराची व्यवस्था मंदावते. धमनीच्या अस्तरात चरबीचा थर बसवायला, तो थर कच्चा ठेवायला आणि तो फुटल्यावर त्यावर गुठळी धरायला जे जे लागते ते सर्व इथे एकाच देहात जमलेले असते. गुठळीने धमनी बंद झाली की पुढचा स्नायू मरू लागतो. त्याला आपण ॲटॅक म्हणतो.

यंत्रणा पटण्यासारखी असणे हा पुरावा नव्हे. माणसे मोजून काय दिसते ते पाहायला हवे. २०१० साली ८७ अभ्यासांतील साडेनऊ लाख लोकांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांत हार्ट ॲटॅकचा धोका सुमारे दुप्पट आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरण्याचा धोका २.४ पट आढळला. ज्यांना डायबेटिस नव्हता त्यांच्यातही धोका वाढलेलाच होता, म्हणजे सगळा दोष डायबेटिसवर ढकलता येत नाही. त्याच वर्षी इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासातून २६,९०३ लोकांवरचा आणखी एक निष्कर्ष आला. सिंड्रोम असलेल्यांत ॲटॅकची शक्यता, व्याख्या कोणती घेतली त्यानुसार, २.२ ते २.७ पट निघाली. पण मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुसराच आकडा. ज्यांच्यातल्या तीन किंवा अधिक गोष्टी नॉर्मलच्या वर पण व्याख्येच्या मर्यादेच्या आत होत्या, म्हणजे ज्यांना कोणत्याही अर्थाने रुग्ण म्हणता येत नव्हते, त्यांच्यातही ॲटॅकची शक्यता दीडपट होती. काठावरच्या आकड्यांची बेरीज होते याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. ‘बॉर्डरवर आहे’ असे सांगताना डॉक्टरच्या मनात जी सूचना असते ती रुग्णाच्या कानावर दिलासा म्हणून पडते, आणि या दोहोंमधल्या अंतरात बरीच वर्षे निघून जातात.

आता आक्षेप. त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप वैद्यकाच्या आतूनच आलेला आहे. २००५ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी संयुक्त निवेदन काढून विचारले की या नावाने नेमके काय साधते? घटकांचा धोका वेगवेगळा मोजून बेरीज केली तर सिंड्रोमचा धोका त्याहून जास्त भरतो असे दिसत नाही; मग घटकांवरच उपचार करा, नवे लेबल कशाला? शिवाय या पाचांत एलडीएल नाही, तंबाखू नाही, वय नाही, आणि हृदयविकाराची ही तर मोठी कारणे. खुद्द रीव्हन यांनाही उतारवयात रुग्णावर हे निदान चिकटवणे पसंत नव्हते. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच करायला हवा. इंटरहार्टमध्येही सिंड्रोमचा धोका एकट्या डायबेटिसच्या किंवा एकट्या उच्च रक्तदाबाच्या धोक्याएवढाच निघाला. एचडीएलचा तर आणखी मोठा धडा आहे : औषधांनी एचडीएल वाढवून पाहिले, टोरसेट्रापिब २००६ मध्ये आणि नायसिन २०११ मध्ये, आणि हृदयविकार कमी झाला नाही. कमी एचडीएल ही खूण आहे, गुन्हेगार नाही. तरीही मी हे नाव टाकून द्यायला तयार नाही, आणि त्याचे कारण व्यवहारातले आहे. घटकांवर उपचार करा हे म्हणणे ज्याचे घटक उपचाराच्या मर्यादेपर्यंत पोहोचले आहेत त्याला लागू पडते. ज्याचे पोहोचलेले नाहीत, पण सगळे एकदम त्या दिशेने निघाले आहेत, त्याला हे वाक्य काहीच देत नाही. या नावाने धोक्याचे गणित अचूक होत नाही. पण वेगवेगळ्या कागदांवर विखुरलेले आकडे एकत्र पाहायला ते भाग पाडते. एलडीएल आणि तंबाखू त्याच्या शेजारी ठेवून पाहायचे आहेत, त्याऐवजी नव्हे. विडी, गुटखा किंवा मिश्री सोडलेली नसेल तर बाकी पाच आकडे कितीही सुधारले तरी काम अर्धेच झाले.

आपल्या लोकांसाठी हा प्रश्न अधिक निकडीचा का, याचे उत्तर महाराष्ट्रातूनच आले आहे. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरहार्टमधील दक्षिण आशियाई लोकांची माहिती वेगळी काढून २००७ मध्ये प्रसिद्ध केली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या देशांत पहिल्या ॲटॅकचे सरासरी वय ५३ होते. इतर देशांत ५८.८. जवळपास सहा वर्षे आधी, म्हणजे मुलांची शिक्षणे चालू असताना आणि घराचे हप्ते फिटायचे असताना. याला अनेक जण ‘आपले जीन्सच तसे’ म्हणून मोकळे होतात. पण जोशींच्या विश्लेषणात वयातला हा फरक मुख्यतः नेहमीच्याच कारणांनी उलगडला : तंबाखू, बिघडलेली चरबी, साखर, बीपी, पोटाचा घेर ही कारणे आपल्याकडे लहान वयातच येऊन बसतात. फावल्या वेळात व्यायाम करणारे निरोगी लोक आपल्याकडे सुमारे ६ टक्के होते, इतरत्र सुमारे २२. नशिबाकडे बोट दाखवण्यासारखे यात फारसे उरत नाही, आणि मला ते फार आशादायक वाटते.

तरी एक गोष्ट आपल्या शरीरात खरोखर वेगळी आहे, आणि ती पुण्यात सापडली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा जो अभ्यास चालवला आहे तो जगभर उद्धृत होतो. त्या खेड्यांतली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदम्प्टनची साडेतीन किलोच्या आसपास. पण वजनातली ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव लहान; चरबी मात्र जवळपास टिकून. बाळ दिसायला किरकोळ आणि आतून चरबीचे. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली : दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३; शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, याज्ञिकांचे २१.२. ‘मी कुठे जाड आहे?’ या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. वजनकाटा आपल्याला फसवतो. हातपाय काटकुळे आणि सदऱ्याआड पोट गोल, अशी जी शरीरयष्टी आपण बैठ्या कामाची सवय म्हणून स्वीकारली आहे, तिच्यात मेटाबॉलिक सिंड्रोम आरामात मावतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला, तर बीएमआयने मोजलेला २८.६ टक्क्यांत. मधल्या फरकातली माणसे वजनकाट्यावर सुटतात.

ही सगळी चर्चा सुखवस्तू लोकांची आहे, सोलापूरसारख्या कामगारांच्या शहराला तिचे काय, असा दुसरा आक्षेप येतो. या शहराची घडण पाहिली की तो टिकत नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी १९६३ मध्ये बंद पडली. नंतर विष्णू, लक्ष्मी, नरसिंगगिरजी याही थांबल्या. भोंग्याबरोबर पायी कामावर जाणारा, युनियन असलेला, पगारी सुट्टी असलेला कामगार पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खोल्यांत विखुरला, जिथे लांब पाळ्या आहेत आणि काम तेवढा दाम आहे. घरातली स्त्री सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. दिवसाला हजार विड्या म्हणजे तासन् तास एकाच बैठकीत, तंबाखूच्या धुळीत, खाली मान घालून. तिचे काम कष्टाचे आहे यात शंका नाही, पण ते स्नायूंना हलवणारे कष्ट नाहीत. कष्ट आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण फार उशिरा ओळखतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवले होते की बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतर करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी असतो. तीन वर्षांनी त्यांनी एक विलक्षण अभ्यास केला : कंपनीने दिलेल्या गणवेशांची मापे काढून पाहिली, तर ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि हा फरक तरुण वयापासून होता. म्हणजे फरक केवळ कामाने पडला की पोट सुटलेली माणसेच ड्रायव्हर झाली, असा पेच त्यांनी स्वतःच पुढे आणला. पोटाच्या घेराचे महत्त्व गणवेशाच्या मापांतून पुढे यावे, आणि आज देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवणाऱ्या सोलापुरात तोच घेर कुणी मोजू नये, हे मला फार खटकते.

गरिबीने धोका कमी होत नाही याचा थेट पुरावाही आहे. १७ देशांतील प्युअर अभ्यासाने २०१४ मध्ये दाखवले की धोक्याचे घटक श्रीमंत देशांत जास्त होते, पण गंभीर हृदयविकार आणि मृत्यू गरीब देशांत जास्त होते. कारणे उघड आहेत : बीपीची गोळी पंधरा दिवस घेऊन सोडली जाते, छातीत दुखले तर गॅस म्हणून सोडा घेतला जातो, आणि एका दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. काठावरचा आकडा सांभाळायला पैसा कमी लागतो, सवड मात्र लागते, आणि कामगाराकडे तीच नसते.

‘आमच्या आजोबांनी तूप खाल्ले, गूळ खाल्ला, त्यांना काही झाले नाही’ हे म्हणणे प्रत्येक घरात आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातले सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते. आजोबा ज्यांना आठवतात ते जगलेले आजोबा. त्यांची जी भावंडे देवी, पटकी, प्लेग, क्षय आणि बाळंतपणात गेली ती या हिशेबात येत नाहीत. जगले ते मैलोगणती चालले, आणि तूप त्यांच्या ताटात रोज नव्हते. पण या म्हणण्यातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे आपले जुने अन्न चांगले, हा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही या जिल्ह्याची ओळख. शेंगदाण्यातली चरबी हृदयाची शत्रू नाही, हे आधी स्पष्ट करतो. चटणीवर येणारा दोष अनाठायी आहे. प्रश्न पिठाच्या एकूण मापाचा आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या आहारविषयक विश्लेषणानुसार भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के पिठूळ पदार्थ आणि साखरेतून येते. त्याच विश्लेषणातली दुसरी गोष्ट अनेकांना नकोशी वाटेल : तांदूळ-मैद्याऐवजी गहू किंवा भरड धान्य घेतले, पण पिठाचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर धोका घटलेला दिसला नाही. घटला तो पिठाचा थोडा वाटा डाळी-उसळी किंवा दुधातल्या प्रथिनांनी भरून काढल्यावर. म्हणजे पोळीची भाकरी केली की झाले, असे नाही. तीन भाकरींच्या दोन आणि सोबत बार्शीकडची मिश्र डाळींची बाजार आमटी वाडगाभर, हा बदल शास्त्राला धरून आहे आणि तो या मातीतलाच आहे. आणि दिवसातून सहा वेळा कामावर मागवला जाणारा साखरेचा चहा हिशेबात धरायलाच हवा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हे बोलणे रुचत नाही, तरी ते खरे आहे.

आणखी एक शंका तरुणांची. व्यायाम करणारे, पिळदार शरीराचे लोकही जातात. मग हे आकडे सांभाळून काय उपयोग? कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ४६ व्या वर्षी गेले तेव्हा कन्नड बोलणारी हजारो घरे असलेल्या सोलापुरातही या शंकेने जोर धरला. कोणा एकाच्या मृत्यूचे कारण दुरून सांगू नये. पण सर्वसाधारण उत्तर असे की धोका कमी होणे म्हणजे तो शून्य होणे नव्हे. दहा जणांऐवजी पाच जणांना ॲटॅक आला तर त्या पाचांत व्यायाम करणारा एखादा असणारच. दुसरे, बहुतेक ॲटॅक धमनी बऱ्यापैकी मोकळी असलेल्या जागी, चरबीचा मऊ थर फुटून येतात. धावपट्टीवरची चाचणी मोठा अडथळा दाखवते, तो मऊ थर दाखवत नाही. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पोट आणि ट्रायग्लिसराइड यांना माफी मिळत नाही. आणि लक्षणे सुरू झाल्यावर या पुस्तकातले काहीच कामाचे नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, दम, स्त्रियांत आणि मधुमेहींत कधी नुसता अशक्तपणा आणि मळमळ. अशा वेळी १०८ ला फोन आणि ईसीजी. तिथे मिनिटे मोजायची असतात.

हे आकडे खाली आणले तर हृदय खरेच वाचते का, हा शेवटचा आणि सर्वांत न्याय्य प्रश्न. चीनमधील दाचिंग येथे १९८६ मध्ये साखर काठावर असलेल्या लोकांवर आहार आणि व्यायामाचा सहा वर्षांचा कार्यक्रम राबवला गेला. ३० वर्षांनी पाहिले तेव्हा त्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार २६ टक्क्यांनी आणि त्यांनी येणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात अशाच भारतीय लोकांत केवळ चालणे आणि जेवणातल्या बदलाने तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजन फारसे न उतरता. विरुद्ध पुरावाही सांगितला पाहिजे. अमेरिकेतील लुक अहेड अभ्यासात आधीच मधुमेह झालेल्या ५,१४५ जणांपैकी सुमारे निम्म्यांना जवळपास दहा वर्षे आहार-व्यायामाचे कडक मार्गदर्शन दिले. वजन उतरले, बीपी-साखर सुधारली, पण ॲटॅक कमी झाले नाहीत. यावरून कुणी जीवनशैलीचा उपयोग नाही असे म्हणेल. मी त्यातून वेळेचा धडा घेतो : दाचिंगचे लोक काठावर होते, लुक अहेडचे लोक मधुमेहात बरेच पुढे गेलेले होते. एवढ्या पुढे गेलेल्यांना बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या लागतात, त्या ॲटॅक टाळतात हे निर्विवाद आहे, आणि ‘गोळीची सवय लागेल’ म्हणून त्या नाकारणे घातक आहे. २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनने, मधुमेह नसलेल्या पण हृदयविकार असलेल्या लठ्ठ लोकांत, मोठे हृदयविकार २० टक्क्यांनी घटवले. मात्र तिथे बीएमआय २७ किंवा अधिक असलेलेच घेतले होते. २२ बीएमआयचा, पोट सुटलेला आपला माणूस त्या चाचणीत बसत नाही, आणि त्याच्यासाठी आज सर्वांत भक्कम उपाय आहार, हालचाल आणि तंबाखू सोडणे हाच आहे.

या सगळ्याला नवी यंत्रे लागत नाहीत. ‘फुल बॉडी’ पॅकेजे विकणाऱ्यांचा धंदा वाढावा म्हणून हा खटाटोप नाही. साखर, लिपिड प्रोफाइल, बीपीचे मशीन आणि शिंप्याची टेप यांवर काम भागते. घेर मोजताना पँटची कंबर धरू नये, कारण पोट सुटले की पट्टा पोटाखाली घसरतो आणि ३४ ची पँट कायम बसत राहते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कपडे बाजूला करून, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजावे. पुरुषाचे साडेपस्तीस इंच आणि स्त्रीचे साडेएकतीस इंच भरले की बाकीचे चार आकडे काढून घ्यावेत. ही मोजणी दवाखान्याची वाट न पाहता कामाच्या ठिकाणी होऊ शकते. विड्या जमा करायला स्त्रिया जिथे येतात ते कारखाने, यंत्रमागांची गल्ली, कुंभारीची गोदूताई परुळेकर घरकुले आणि रे नगर, जिथे हजारो कामगार कुटुंबे एका जागी राहतात, यांच्याइतकी सोयीची ठिकाणे दुसऱ्या शहरांना मिळणार नाहीत. सुरुवात कुणापासून करावी असे विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे : गरोदरपणात जिची साखर किंवा बीपी वाढले होते त्या स्त्रीपासून. बाळंतपणानंतर आकडे उतरतात, तिची फाइल बंद होते आणि पुढची दहा-पंधरा वर्षे तिला कुणी तपासायला बोलावत नाही. पण अशा स्त्रियांत पुढे मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही अधिक होतात हे पक्के ठाऊक आहे, आणि तिच्या बाळाच्या शरीराची ठेवणही त्याच नऊ महिन्यांत ठरलेली असते. तिचे नाव आशाताईंच्या वहीत लसीकरणाच्या निमित्ताने आधीच असते. त्याच वहीत दरवर्षीची साखर, बीपी आणि पोटाचा घेर लिहायला एक रकाना वाढवावा लागेल.